रक्त किती पडले, यापेक्षा नाडी काय सांगते

रक्ताची उलटी झाली, की घरातली माणसे सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतात: रक्त किती पडले? थोडे पडले असेल तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सब्जाचे पाणी किंवा थंड दूध दिले जाते. जास्त दिसले तर सारे घर हादरते. तालुक्याच्या गावी पंचवीस-तीस वर्षे दवाखाना चालवताना मी हे पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. घाबरणे स्वाभाविकच आहे. पण बाहेर दिसलेल्या रक्तावरून रुग्णाच्या जिवाला किती धोका आहे, हे ठरवता येत नाही. बाहेर पडलेले रक्त दिसते; पोटात आणि आतड्यात साठलेले रक्त दिसत नाही.

मागे माझ्याकडे लागोपाठच्या दोन दिवसांत दोन रुग्ण आले. पहिला चोवीस वर्षांचा तरुण. लग्नाच्या वरातीनंतर रात्रभर उलट्या झाल्या आणि शेवटच्या दोन उलट्यांत लालभडक रक्त आले. त्याच्यासोबत दोन गाड्या भरून माणसे आली होती. दुसऱ्या दिवशी अडुसष्ट वर्षांच्या एक आजी आल्या, त्याही एसटीने, नातवाबरोबर. उलटी नाही, पोटात दुखणे नाही. दोन दिवस संडासला काळे होत होते आणि पहाटे मोरीच्या दारात चक्कर येऊन पडल्या होत्या. नातू म्हणाला, “डॉक्टर, अशक्तपणाची एखादी सलाईन लावा.” मी संडासच्या रंगाबद्दल खोदून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पण रक्त कुठं पडलंच नाही!”

या दोघांपैकी जिवाला धोका कोणाला होता? उत्तर आजींना, आणि तोही मोठा. हे कसे ओळखायचे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

काळी शौच म्हणजे रक्तच

अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग मिळून पचनमार्गाचा वरचा भाग होतो. येथे रक्तस्राव झाला, तर रक्त एकतर उलटीवाटे वर येते किंवा आतड्यातून खाली जाते. जठरातील आम्लाशी संबंध आला की रक्ताचा रंग काळपट तपकिरी होतो. पुस्तकांत अशा उलटीला कॉफीच्या चोथ्याची उपमा देतात. आपल्याकडे चहाचा चोथा म्हटले, की रुग्णाला लगेच कळते. खाली गेलेले रक्त पचून शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि विशिष्ट उग्र वासाची होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती बांधलेली असते, चिकट नसते आणि तिला तो वास नसतो.

कारणे अनेक आहेत. जठरातील किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण, म्हणजे अल्सर, हे त्यातले महत्त्वाचे कारण. या व्रणांमागे बहुधा दोन गोष्टी असतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. यकृत सुकलेल्या, म्हणजे लिव्हर सिऱ्हॉसिसच्या, रुग्णांत अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि फुटतात. हा रक्तस्राव फार जोराचा असतो. सततच्या उलट्यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर पडते, तसे त्या तरुणाचे झाले होते. क्वचित कर्करोगही असतो.

ग्लासगोचे आठ प्रश्न

कारण नक्की कळायला दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, लागते. ती तालुक्याला सहसा होत नाही. मग दुर्बीण नसताना कोणाला घरी सोडावे आणि कोणाला ताबडतोब जिल्ह्याला पाठवावे? स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या डॉक्टरांनी याचे सोपे गणित तयार केले. ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सन २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यात आठ प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला गुण मिळतात. एकूण गुण शून्य ते २३. येथे गुण जितके कमी, तितके चांगले.

पहिला प्रश्न रक्तातील युरियाचा. आतड्यात गेलेले रक्त पचते, त्यातील प्रथिनांपासून युरिया बनतो आणि रक्तातील युरियाचे प्रमाण वाढते. आपल्या लॅबच्या हिशेबाने युरिया साधारण ३९ मिलिग्रॅमच्या वर गेला, की गुण सुरू होतात आणि फार वाढला तर ते ६ पर्यंत जातात. दुसरा प्रश्न हिमोग्लोबिनचा: ते १० च्या खाली असेल तर एकदम ६ गुण. तिसरा वरच्या रक्तदाबाचा: ११० च्या खाली आला की १ गुण, १०० च्या खाली २ आणि ९० च्या खाली ३. चौथा नाडीचा: मिनिटाला १०० किंवा अधिक ठोके असतील तर १ गुण. पाचवा काळ्या शौचेचा: १ गुण. सहावा, रुग्ण बेशुद्ध होऊन पडला होता काय: २ गुण. सातवा यकृताच्या आजाराचा आणि आठवा हृदय कमकुवत असण्याचा: प्रत्येकी २ गुण.

यात रक्त किती पडले हा प्रश्न कोठेच नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. शरीराने तो रक्तस्राव किती सोसला आहे, हेच येथे पाहिले जाते.

आता आपल्या दोन रुग्णांकडे वळू. तरुणाची नाडी ८४, रक्तदाब १२४, हिमोग्लोबिन १४.२, युरिया २६. काळी शौच नाही, चक्कर नाही, जुना आजार नाही. गुण शून्य. मी त्याला काही तास दवाखान्यात ठेवले, औषध दिले, कोणत्या खुणा दिसल्या तर लगेच परत यायचे हे समजावले आणि घरी पाठवले. दोन गाड्यांतली माणसे थोडी नाराज झाली. त्यांना मोठ्या शहरात जायचे होते.

आजींची नाडी ११२, रक्तदाब ९६, हिमोग्लोबिन ८.४, युरिया ७८. काळी शौच होती आणि त्या बेशुद्ध होऊन पडल्या होत्या. बेरीज करा: नाडीचा १, रक्तदाबाचे २, हिमोग्लोबिनचे ६, युरियाचे ४, शौचेचा १, बेशुद्धीचे २. एकूण १६. रक्ताचा एक थेंबही कोणी पाहिला नव्हता आणि तरीही गुण १६! गुडघेदुखीसाठी त्या चार महिने दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेत होत्या. दोन्ही हातांना सलाईन लावून त्यांना रुग्णवाहिकेने जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. तेथे रक्त चढवल्यावर दुर्बिणीतून व्रण दिसला. त्यात उघडी पडलेली रक्तवाहिनी होती. दुर्बिणीतूनच उपचार झाले आणि आठवड्याने आजी घरी आल्या.

गुण शून्य किंवा एक असेल, तर अशा रुग्णाला बहुधा दाखल न करता बाहेरून उपचार करता येतात. अनेक देशांतील सहा रुग्णालयांतील ३,०१२ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच निरनिराळ्या गणितांची तुलना केली होती. कमी धोक्याचा रुग्ण ओळखण्यात ग्लासगोचे हे गणितच सरस ठरले. आपल्याकडे याचे मोल अधिक आहे. विनाकारण शहरात दाखल होणे म्हणजे गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि प्रसंगी सावकाराचे दार. हा खर्च कमी गुणांच्या रुग्णाचा वाचतो. उलट, जास्त गुणांच्या रुग्णाचा वेळ वाचतो, आणि येथे वेळ म्हणजेच जीव.

आकडे वाचताना घ्यायची काळजी

गणित सोपे असले तरी आंधळेपणाने वापरून चालत नाही. पहिली गोष्ट हिमोग्लोबिनची. रक्तस्राव होतो तेव्हा रक्तातला पातळ भाग आणि पेशी दोन्ही एकदमच जातात. उरलेले रक्त तितकेच दाट राहते. म्हणून पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन चांगले दिसू शकते. पुढे शरीरातील पाणी रक्तात येते, सलाईन दिली जाते, आणि मग आकडा खाली येतो. ‘हिमोग्लोबिन तेरा आहे, मग काळजी नाही’ असे पहिल्या तासात म्हणणे धोक्याचे आहे. ते काही तासांनी पुन्हा तपासावे लागते.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्या भागातील कितीतरी स्त्रियांचे हिमोग्लोबिन मुळातच नऊ-दहा असते. ग्लासगोच्या गणितात त्यांना रक्तस्रावाच्या आधीच गुण लागतात. म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवा. सहा महिन्यांपूर्वीचा कागद समोर असला, की आजचा आकडा नवा की जुना हे डॉक्टरांना कळते. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा युरियाही आधीपासूनच वाढलेला असतो, तेथेही हाच नियम.

तिसरी गोष्ट नाडीची. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर रक्तस्राव होऊनही नाडी वाढत नाही. ‘नाडी ७२, सर्व ठीक’ हा निष्कर्ष अशा रुग्णात फसवतो. चौथी गोष्ट तरुणांची. त्यांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब बराच वेळ सावरून धरतात. शरीरातले सुमारे ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा रक्तदाब फारसा उतरत नाही. नंतर मात्र तो झपाट्याने कोसळतो. म्हणून थंड घामेजलेले हातपाय, वाढलेली नाडी, तहान आणि बेचैनी या खुणांकडे रक्तदाब चांगला असतानाही लक्ष ठेवावे लागते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आणि यकृताचे रुग्ण यांच्या बाबतीत गुण कमी आले तरी मी स्वतः दाखल करण्याकडेच झुकतो.

दुर्बिणीनंतरचा अंदाज

नातेवाइकांचा खरा प्रश्न पुढचा असतो: “डॉक्टर, वाचतील ना?” ग्लासगोचे गणित कमी धोक्याचा रुग्ण उत्तम ओळखते, मृत्यूचा अंदाज बांधण्यात मात्र ते तितके चांगले नाही. त्यासाठी इंग्लंडमधील रॉकॉल यांनी १९९६ मध्ये मांडलेली पद्धत आहे. तिच्यात वय, रक्तदाब व नाडी, इतर मोठे आजार आणि दुर्बिणीत काय दिसले या सर्वांचे गुण धरतात. एकूण गुण ११. त्यांच्या अभ्यासात दोन किंवा कमी गुणांच्या रुग्णांत हजारी सुमारे एकच मृत्यू झाला, तर आठ किंवा अधिक गुणांच्या रुग्णांत शंभरातले सुमारे ४१ दगावले. २०११ मध्ये अमेरिकेत याहून सुटसुटीत पद्धत आली. तिच्यात रक्तातील अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची चाचणी, शुद्ध हरपणे, रक्तदाब आणि ६५ वर्षे वय एवढ्या पाचच गोष्टी पाहतात.

व्रणाचे स्वरूपही बरेच सांगते. एडिंबरोच्या फॉरेस्ट यांनी १९७४ मध्ये त्याची वर्गवारी केली आणि ती आजही वापरली जाते. १९९४ मध्ये एकत्र केलेल्या आकड्यांनुसार, दुर्बिणीतून उपचार केले नाहीत तर वाहत्या व्रणातून रक्तस्राव चालू राहण्याचा किंवा पुन्हा होण्याचा संभव सुमारे ५५ टक्के, उघड्या रक्तवाहिनीच्या व्रणात ४३ टक्के, गुठळी चिकटलेल्या व्रणात २२ टक्के, आणि स्वच्छ तळाच्या व्रणात केवळ ५ टक्के असतो. म्हणून एका रुग्णाला दुसऱ्याच दिवशी सोडतात आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाला तीन-चार दिवस थांबवतात. यात डॉक्टरांचा आपपरभाव नसतो.

मात्र हे सारे आकडे समूहाचे आहेत. शंभरातले ४१ दगावले याचा अर्थ ५९ वाचले, आणि आपला रुग्ण कोणत्या बाजूला जाणार हे कोणतेही गणित सांगत नाही. ही काही जन्मकुंडली नव्हे. गुण जास्त आले म्हणजे आशा सोडा असा अर्थ मुळीच नाही. घाई करा एवढाच अर्थ आहे.

पहिल्या तासात काय करावे?

‘सरळ मोठ्या शहरात नेऊन दुर्बीण घालू या’ असा आग्रह नातेवाईक धरतात. हाँगकाँगमध्ये ग्लासगोच्या गणिताने १२ किंवा अधिक गुण असलेल्या, पण रक्तदाब सावरलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांचा सल्ला घेतल्यापासून सहा तासांच्या आत दुर्बीण घातलेल्या आणि सहा ते चोवीस तासांत घातलेल्या रुग्णांची तुलना केली. घाईचा मृत्यू टाळण्यात फायदा दिसला नाही. याचा अर्थ दुर्बीण नको असा नव्हे. आधी रुग्णाला सलाईन आणि लागल्यास रक्त देऊन सावरावे, मग दुर्बीण, असा तो क्रम आहे. रक्तदाब ७० असलेल्या रुग्णाला सलाईनशिवाय खाजगी गाडीत तीन तास नेणे म्हणजे वाटेतच जीव गमावण्याची तयारी.

‘रक्त थांबवायचे इंजेक्शन द्या’ हा आणखी एक आग्रह. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडचा या रुग्णांवर १५ देशांत, बारा हजारांवर रुग्णांत अभ्यास झाला. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू कमी झाले नाहीत. उलट शिरांत गुठळ्या होण्याचे आणि झटके येण्याचे प्रमाण थोडे वाढले. बाळंतपणातील रक्तस्रावात किंवा अपघातात हे औषध उपयोगी आहे, म्हणून ते पोटातल्या रक्तस्रावातही चालेल असे नाही.

रक्त चढवण्याबाबतही गैरसमज आहेत. ‘चार पिशव्या लावून टाका’ असे म्हणणारे नातेवाईक मला नेहमी भेटतात. बार्सिलोनातील २०१३ च्या अभ्यासात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांपैकी ९५ टक्के रुग्ण सहा आठवड्यांनंतर जिवंत होते, तर ९ च्या खाली जाताच रक्त दिलेल्यांपैकी ९१ टक्के. धो धो रक्तस्राव होणारे रुग्ण मात्र त्या अभ्यासात नव्हते, आणि हृदयरोग्याला थोडे आधी रक्त द्यावे लागते. तेव्हा डॉक्टर रक्त देत नाहीत म्हणून भांडू नका.

घरच्यांसाठी

रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी, अथवा डांबरासारखी शौच झाली, तर ती कमी असो वा जास्त, त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांना दाखवा. पुढीलपैकी काहीही असेल तर थेट १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा: उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, बेशुद्ध पडणे, नाडी शंभरच्या वर जाणे, हातपाय गार पडणे, बोलण्यात असंबद्धता, किंवा यकृताचा, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा जुना आजार.

नाडी मोजणे अवघड नाही. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दोन बोटे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. रुग्णाला आडवे ठेवा. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवा. उठवून, बसवून किंवा चालवून पाहू नका. तोंडाने दूध, सब्जा, बर्फ काही देऊ नका. पोट रिकामे असले तर दुर्बीण नीट होते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती कमी होते. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, जुने रिपोर्ट आणि रक्तदान करू शकतील अशी एक-दोन धडधाकट माणसे सोबत घ्या. दारू पीत असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तेथे लाज बाळगली तर उपचाराची दिशाच चुकते, कारण फुगलेल्या शिरांचे औषध आणि व्रणाचे औषध वेगवेगळे आहे.

रक्तस्राव थांबला म्हणजे काम संपले असे नाही. हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घ्या. जिवाणू आढळल्यास त्याचा उपचार पूर्ण करा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनाने घेणे बंद करा. गुडघेदुखीवर चिठ्ठी न पाहता मिळणाऱ्या पुड्यांपासून तर चार हात दूर राहा. मात्र हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका किंवा सुरूही करू नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

घरात गुडघेदुखीची रोज गोळी घेणारे आजी-आजोबा असतील, तर आज त्यांना दोन प्रश्न विचारा: गोळी कोणती घेता, आणि संडासचा रंग कसा आहे? आपल्याकडची वडीलधारी माणसे हे आपणहोऊन सांगत नाहीत. विचारले तर सांगतात.